गाओचांगचा राजा आणि भन्ते युआन श्वांग

शाळेच्या पुस्तकात युआन श्वांग म्हणजे हर्षवर्धनाच्या काळात आलेले चिनी प्रवासी. कुणी त्यांना ह्युएन त्संग म्हणते. ते आधी भिक्खू होते, हे मात्र मागे पडते. म्हणून मुखेडच्या आमच्या तरुण मित्रांसाठी त्यांच्या आयुष्यातला गाओचांगचा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो आहोत.

चिनी भाषेतले धम्मग्रंथ एकमेकांशी जुळेनात, म्हणून मूळ ग्रंथ आणायला ते निघाले. देश सोडायला बंदी होती. ते लपतछपत सीमेपार गेले. गोबीच्या वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली आणि चार रात्री पाच दिवस पाण्याचा थेंब मिळाला नाही. तरीही मागे फिरले नाहीत.

गाओचांग हे आजच्या तुर्फानजवळचे, रेशीम मार्गावरचे नगर. चहूकडे वाळवंट, पण डोंगरातल्या बर्फाच्या पाण्यावर तिथे शेती आणि द्राक्षे पिकत. राजा छू वेनताय बुद्धाचा उपासक होता. त्याने भन्तेंना राजगुरू म्हणून कायमचे ठेवून घ्यायचे ठरवले आणि नकार येताच धमकावले. भन्तेंनी अन्नपाणी सोडले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यांचा श्वास मंदावलेला पाहून राजाने माफी मागितली. ठरले असे : आता महिनाभर धम्म शिकवायचा आणि परतताना तीन वर्षे राहायचे. प्रवचनाच्या वेळी ज्याने धमकावले तोच राजा गुडघे टेकून आपल्या पाठीची पायरी करी. निघताना त्याने तीस घोडे, सोने, रेशीम आणि वाटेतल्या राजांच्या नावे चोवीस पत्रे दिली. त्या पत्रांनी पुढची वाट बरीच सोपी झाली.

नालंदेत शिकून ते 641 च्या सुमारास महाराष्ट्रात आले. तेव्हा पुलकेशीचे राज्य होते. इथे शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद त्यांनी केली. डोंगरातल्या ज्या विहाराचे, दाराशी दगडी हत्ती असलेल्या, वर्णन त्यांनी केले, ते अजिंठा असे अभ्यासक मानतात. अजिंठ्याच्या सहलीला जाणाऱ्यांनी सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी थांबून ते हत्ती जरूर पाहावेत.

परतीला समुद्रमार्ग मोकळा होता. पण गाओचांगला शब्द दिला होता, म्हणून ते पुन्हा डोंगर-वाळवंटाच्या वाटेने निघाले. वाटेत कळले, राजा वारला आणि 640 मध्ये थांग सैन्याने गाओचांग जिंकले. मग ते खोतानमार्गे थेट चीनला गेले. 645 मध्ये वीस घोड्यांवर लादलेले 657 ग्रंथ घेऊन ते राजधानीत पोहोचले आणि 664 मध्ये निर्वाण होईपर्यंत त्यांचे भाषांतर करत राहिले.

गाओचांगच्या मातीच्या भिंती तुर्फानजवळ अजून उभ्या आहेत.