डॉ. कार्लोस फिन्ले

पावसाळा लागला की घरोघरी डेंग्यूची धास्ती सुरू होते आणि 'हवा बिघडली' असे आपण सहज म्हणून जातो. हवामानाचा व अशा तापांचा संबंध आहे, यात संशय नाही. परंतु तो कोणत्या वाटेने घडतो, हे ज्यांनी ओळखले त्या डॉ. कार्लोस फिन्ले यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

फिन्ले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजी क्यूबा बेटावर झाला. वडील स्कॉटिश डॉक्टर, आई फ्रेंच. लहानपणी जडलेल्या एका दुखण्यामुळे त्यांची वाणी जन्मभर अडखळत राहिली. १८५५ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी मिळवून पुढे ते हवाना शहरी स्थायिक झाले.

तेथे पीतज्वराचा कहर असे. उष्ण व दमट दिवसांत तो भडके, थंडीत मंदावे आणि उंच प्रदेशात क्वचितच आढळे. तेव्हा दोष हवेचाच, असे फिन्ले यांनाही वाटले. हवेतील अल्कलीमुळे हा ज्वर होतो असे मानून त्यांनी कित्येक वर्षे हवेची मोजमापे केली. पण पुढे पुरावा जुळेना, तेव्हा त्यांनी आपले हे जुने मत स्वतःच टाकून दिले. त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग आम्हांस सर्वांत थोर वाटतो.

ऊब, सखल भूमी आणि साठलेले पाणी ज्वराला मानवते, तसेच ते घरात वावरणाऱ्या एका डासालाही मानवते, हे त्यांनी हेरले. १४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी हा डासच रोगवाहक असल्याचे मांडले. सुमारे वीस वर्षे त्यांच्या म्हणण्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्यांचे प्रयोगही निर्णायक ठरेनात. कारण रोग्याला चावल्यावर डासाच्या शरीरात विष पक्व व्हावयास बरेच दिवस लागतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

१९०० साली अमेरिकेचे वॉल्टर रीड व त्यांचे सहकारी हवानात आले. फिन्ले यांनी जपलेली डासांची अंडी त्यांच्या हाती दिली. त्या शोधकार्यात जेसी लाझिअर या तरुण डॉक्टराचा पीतज्वराने बळी गेला. परंतु फिन्ले यांचे म्हणणे सिद्ध झाले. १९०१ साली पाण्याची भांडी झाकून व साचलेल्या पाण्यावर तेल टाकून हवानातून पीतज्वर हटविण्यात आला. २० ऑगस्ट १९१५ रोजी फिन्ले निवर्तले.

डेंग्यू पसरविणारा मुख्य डास तोच, एडिस इजिप्ती. उष्णता वाढली की त्याच्या शरीरात डेंग्यूचे विषाणू लवकर पक्व होतात. पावसाने कुंड्या, डबे, टायर भरले की त्यांत त्याची पैदास होते. पाऊस न पडला तरी धोका टळत नाही. टंचाईत आपण पाणी साठवितो आणि उघडे पिंप त्याला आयतेच मिळते. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही.

ऊनपाऊस आपल्या हाती नाहीत; घरातील पिंप मात्र आहे. आठवड्यातून एकदा ते रिकामे करून कडा घासाव्या व झाकण घट्ट बसवावे. एवढे घरोघरी झाले, तर फिन्ले यांचे स्मरण आपण खऱ्या अर्थाने राखले असे आम्ही समजू.