वस्तरा पाजवण्याची कटकट संपवणारे जिलेट

एकेकाळी दाढी करणे ही शिकून घेण्याची कला होती. वस्तरा रोज चामोट्यावर परजायचा, धार उतरली की सहाणेवर पाजवायचा आणि मगच गालाला लावायचा. हात जरा चुकला की रक्त ठरलेले. त्यामुळे अनेक जण हे काम न्हाव्यावरच सोपवत. ही परिस्थिती बदलली ती किंग कॅम्प जिलेट यांच्यामुळे.

जिलेट यांचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. पुढे कुटुंब शिकागोला आले. पण १८७१ च्या भीषण आगीत वडिलांचा व्यवसाय भस्मसात झाला आणि किशोरवयातच त्यांना कमाईला लागावे लागले. ते फिरते विक्रेते झाले. बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या कंपनीत असताना, तिथले संशोधक विल्यम पेंटर यांनी त्यांना वापरून फेकून देता येईल अशी वस्तू शोधण्याचा सल्ला दिला.

ती वस्तू त्यांना १८९५ मध्ये सकाळी दाढी करताना सुचली. जाळीचे संरक्षण असलेले रेझर तेव्हा बाजारात होते. मात्र त्यांचे जाड पाते वस्तऱ्यासारखेच पुन्हा पुन्हा पाजवावे लागे. जिलेट यांच्या मनात आले, धारेसाठी कडा पुरेशी आहे. मग एवढे जाड पोलाद कशाला? पण पातळ पत्रा कडक करताना वाकडा होई. असे पाते स्वस्तात बनणे अशक्य, असे जाणकारांचे मत पडले. अखेर अभियंते विल्यम निकरसन यांनी हा प्रश्न सोडवला. १९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, केवळ ५१ रेझर खपले. पुढच्याच वर्षी हा आकडा ९० हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले गेले आणि घरच्या घरी दाढी करण्याची सवय जगभर पसरली.

गंमत म्हणजे हा उद्योगपती स्पर्धेच्या विरोधात होता. सगळे उद्योग समाजाच्या मालकीच्या एकाच संस्थेने चालवावेत, असे मांडणारी पुस्तके त्यांनी लिहिली. १९२९ च्या मंदीत त्यांची बरीचशी संपत्ती गेली आणि ९ जुलै १९३२ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

पाते बोथट का होते, याचे उत्तर मात्र २०२० मध्ये अधिक स्पष्ट झाले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरीही तो वाकून धारेवर तिरका दाबला गेला, तर धारेच्या कमकुवत जागी सूक्ष्म टवके उडतात, असे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांना आढळले.

आज काही जण पुन्हा ब्रश, साबण आणि वस्तऱ्याकडे वळत आहेत. त्याला शास्त्रीय आधारही आहे. अनेक पात्यांचे रेझर केस ओढून त्वचेच्या पातळीखाली कापू शकतात. कुरळे केस मग आतच वाढून पुळ्या येतात. एकच पाते हा त्रास कमी करू शकते. मात्र घाई नको. आधी कोमट पाण्याने दाढी भिजवावी. पाणी शोषलेला केस सहज कापला जातो. त्वचा ताणून धरावी, वस्तरा साधारण ३० अंशांत ठेवावा, केसांच्या दिशेने हलकेच फिरवावा. सुरुवात गालांपासून करावी. हनुवटी आणि गळा हात बसल्यावर.

आणि वस्तरा कोणाचाही असो, तो दुसऱ्याने वापरू नये. बारीकशा जखमेतूनही हिपॅटायटिस ‘बी’ पसरू शकतो. म्हणूनच सलूनमध्ये वस्तऱ्यात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते घालतात. दिसायला तो जुना वस्तरा असला, तरी त्यातले पाते जिलेट यांच्याच कल्पनेतून आलेले आहे. ते आपल्यासमोर बदलले जाते आहे ना, एवढे पाहायला विसरू नये.