विश्लेषण : राजांच्या यादीपलीकडचा इतिहास… डी. डी. कोसंबींनी सत्तेचा माग कसा काढला?

जुन्या काळातील राजाचे नाव ताम्रपटात सापडते. पण त्याच्या राज्याचा भार कोण वाहत होते? शेतकऱ्याच्या धान्यातला वाटा कोणाकडे जात होता? याची उत्तरे शोधण्याची वाट एका गणितज्ञाने दाखवली : दामोदर धर्मानंद कोसंबी.

गणितातून इतिहासाकडे…

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध साहित्याचे विद्वान. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. पुढे बनारस, अलीगढ आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले. नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करताना ते पुण्याहून ‘डेक्कन क्वीन’ने ये-जा करत. संख्याशास्त्र वापरून पाहायला त्यांना एखादा प्रश्न हवा होता. त्यांनी निवडली प्राचीन आहत नाणी.

नाण्यांचे वजन कशासाठी?

नाणे हातोहात फिरते, तसे झिजते. जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी होते आणि त्यांच्या वजनांतील तफावत वाढते. कोसंबींनी हजारो नाणी तोलून, झिजेच्या हिशेबावर त्यांचा क्रम लावला. नाण्यावर कोणत्याही राजाचे नाव नसतानाही काळाचा अंदाज बांधता आला.

पायी फिरून काय सापडले?

कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. त्यात व्यापारी, सुतार, सुगंधी द्रव्यांचा विक्रेता आहे आणि भिक्षूंना अख्खे गाव देणारा नहपानाचा जावई उषवदातही आहे. लेणी, घाट आणि व्यापारी मार्ग एकत्र पाहिले, तर धर्म, पैसा आणि राजसत्ता यांचे नाते दिसते, हे कोसंबींनी दाखवले. पुणे परिसरातील ग्रामदेवतांची ठाणी आणि अश्मयुगीन हत्यारे यांचाही त्यांनी पुरावा म्हणून अभ्यास केला.

सत्तेबद्दलची मांडणी काय?

१९५६ च्या ग्रंथात त्यांनी सरंजामशाहीचे दोन टप्पे मांडले. ‘वरून’ आलेल्या सरंजामशाहीत सम्राट मांडलिकांकडून खंडणी घेतो; खंडणी पोहोचत असेल, तर मांडलिक आपल्या मुलखात मोकळे असतात. ‘खालून’ आलेल्या सरंजामशाहीत गावातच राज्यसंस्था आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदारांचा वर्ग उभा राहतो.

टीका कोणती?

युरोपातील सरंजामशाहीची चौकट भारताला लागू पडते का, हा वाद पुढे रंगला. हरबन्स मुखिया यांनी १९८१ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. कोसंबी स्वतः मार्क्सवादी होते, तरी मार्क्सचे भारताविषयीचे निष्कर्ष त्यांनी जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. गणितात मात्र ‘रीमान गृहीतका’ची सिद्धता दिल्याचा त्यांचा दावा टिकला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. चार वर्षांनी, २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे पुण्यात निधन झाले.

आज महत्त्व काय?

ताम्रपट कोरून घेण्याची ऐपत मूठभरांकडेच होती. त्यामुळे फक्त लेखी पुराव्यावर विसंबलेल्या इतिहासात त्यांचाच आवाज मोठा राहतो. झिजलेले नाणे, घाटवाट आणि वेशीवरची देवी यांच्या साक्षीने उरलेल्यांचा इतिहासही लिहिता येतो, हे कोसंबींच्या कामाने दाखवून दिले.