चिंतामणराव देशमुख आणि वारशावरील कर

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव सर्वश्रुत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपदाचा त्याग करणारे नेते म्हणूनही मराठी माणूस त्यांचे स्मरण करतो. मात्र मृत व्यक्तीच्या संपत्तीवर कर आकारणारा स्वतंत्र भारताचा पहिला कायदा त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात संमत झाला, याचा उल्लेख क्वचितच होतो.

१४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी चिंतामणरावांचा जन्म झाला. वडील वकील होते. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. १९१८ मध्ये ते आय. सी. एस. परीक्षेत सर्वप्रथम आले. मध्य प्रांत व वऱ्हाडात दीर्घकाळ सेवा केल्यानंतर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत दाखल झाले आणि १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १९४९ मध्ये बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही धुरा त्यांच्याकडेच होती.

१९५० मध्ये पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्या वेळी मिळकतीवर प्राप्तिकर होता. परंतु पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेल्या संपत्तीला कराचा स्पर्श होत नव्हता. १९४६ आणि १९४८ मध्ये यासंबंधीची विधेयके मांडली गेली होती, पण ती पूर्णत्वास गेली नाहीत. देशमुख यांनी १९५२ मध्ये हा विषय नव्याने संसदेपुढे आणला. संपत्तीतील विषमता कमी करणे आणि विकास योजनांसाठी राज्यांना निधी मिळवून देणे, असा त्यामागे दुहेरी हेतू होता. या कराचे उत्पन्न राज्यांकडे जावे, अशी तरतूद राज्यघटनेतच होती.

खरी अडचण हिंदू एकत्र कुटुंबाची होती. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, तर बंगालमध्ये प्रचलित असलेल्या दायभाग पद्धतीत तो वडिलांच्या मृत्यूनंतर मिळतो. केवळ मृत्यूनंतर हस्तांतरित होणाऱ्या मालमत्तेवरच कर बसविला असता, तर एका पद्धतीची कुटुंबे सुटली असती आणि दुसऱ्या पद्धतीची कुटुंबे भरडली गेली असती. म्हणून एकत्र कुटुंबातील मृत सदस्याचा हिस्साही वारसांकडे गेला असे मानून त्यावर कर आकारण्याचे ठरले. १५ ऑक्टोबर १९५३ पासून इस्टेट ड्यूटी कायदा अमलात आला. सर्वसाधारणपणे १ लाख रुपयांपर्यंतची, तर मिताक्षरा कुटुंबातील हिश्श्यापुरती ५० हजार रुपयांपर्यंतची मालमत्ता करमुक्त होती. मृत्यूपूर्वी २ वर्षांच्या आत दिलेल्या भेटीही हिशेबात धरल्या जात. कर चुकविण्यासाठी अखेरच्या दिवसांत मालमत्ता वाटून टाकण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

मुंबईला महाराष्ट्रापासून अलग ठेवण्याच्या निर्णयाच्या विरोधात देशमुख यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. संस्कृतवरील त्यांचे प्रेम अखेरपर्यंत टिकले. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवादही केला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी आणलेला कर त्यांच्यानंतर जेमतेम अडीच वर्षे टिकला. मधल्या काळात त्याचा कमाल दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला होता, तरी वार्षिक उत्पन्न सुमारे २० कोटी रुपयेच होते आणि वसुलीचा खर्च त्या मानाने मोठा होता. मालमत्तेचे मूल्य ठरविताना वाद होत. हयातीत संपत्ती कर आणि मृत्यूनंतर इस्टेट ड्यूटी असे दोन कायदे एकाच मालमत्तेसाठी नकोत, या भूमिकेतून अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ च्या अर्थसंकल्पात हा कर रद्द केला. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना तो लागू राहिला नाही.

पुढे ज्या संपत्ती कराचा आधार घेऊन हा निर्णय झाला होता, तोही २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपुष्टात आला. आज भारतात वारशाने मिळालेल्या संपत्तीवर स्वतंत्र कर नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात वारसा कराचा मुद्दा पुन्हा गाजला. कष्टाने उभे केलेले घर वा उद्योग मुलांच्या हाती अखंड जावा, असे एका बाजूचे म्हणणे. तर जन्माच्या योगायोगाने मिळणाऱ्या धनाचा काही भाग समाजाला परत मिळावा, असे दुसऱ्या बाजूचे. देशमुखांचा कायदा व्यवहारात अपुरा ठरला, हे आकडेच सांगतात. परंतु तो ज्या विषमतेसाठी आणला गेला, ती मात्र त्याच्याबरोबर संपली नाही.