चौदा वर्षांची पाठुंगळी

टेंभी नाक्यावर राहणाऱ्यांकडे नवरात्रात पाहुणे पुष्कळ येतात. रिक्षा मात्र दाराशी येत नाही. गेल्या नवरात्रात, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आजोबांना रात्री ताप भरला. त्यांना पाठुंगळी घेऊन, दर्शनाच्या गर्दीतून वाट काढीत, मला रिक्षापर्यंत जावे लागले. अंतर फार नव्हते. तरीही वाटेत मी एकदा पुटपुटलो, की हे ओझे रोज कोण वाहणार! आजोबांचे हातपाय गेले आहेत, कान शाबूत आहेत. त्यानंतर दवाखान्याचा विषय निघाला की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

त्याच दिवसांत भगत पूरणसिंग यांच्या जीवनाविषयी वाचनात आले, आणि खरे सांगायचे तर मी ते चोरासारखे वाचले.

त्यांचा जन्म ४ जून १९०४ रोजी लुधियाना जिल्ह्यातील राजेवाल येथे, एका हिंदू घरात झाला. नाव रामजीदास. वाटेवरचा दगड दिसला की उचलून बाजूला टाकावा, तहानलेल्या जनावराला पाणी पाजावे, हे धडे त्यांना आईने दिले. पुढे घराची वाताहत झाली, तेव्हा या मेहताब कौरने परक्यांची भांडी घासून मुलाला शिकवले. मुलगा मॅट्रिकला नापास झाला! (परीक्षेच्या निकालावरून माणूस ओळखणाऱ्या आपल्या सर्वांसाठी हे मुद्दाम लिहीत आहे.) परंतु वाचन सुटले नाही. लाहोरच्या दयालसिंग ग्रंथालयात ते तासन् तास बसत आणि उरलेला वेळ डेरा साहिब गुरुद्वारात विनावेतन सेवा करीत. रामजीदासचे पूरणसिंग झाले.

शीख परंपरेत सेवा हा शब्द हातांशी जोडलेला आहे. १६६४ साली दिल्लीत देवीच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करणारे गुरू हरकृष्ण स्वतः त्याच रोगाने, वयाची आठ वर्षेही पुरी न होता गेले. रणांगणावर शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजणारे भाई कन्हैया याच परंपरेतले. आपल्या नामदेवांची पदे ज्या ग्रंथात आहेत, त्या ग्रंथापुढे मस्तक टेकणाऱ्यांची ही परंपरा आपल्याला परकी वाटू नये.

१९३४ साली गुरुद्वाराच्या दाराशी कोणीतरी सुमारे चार वर्षांचे एक मूल सोडून गेले. त्याला चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते, समजही नव्हती. पूरणसिंगांनी त्याचे नाव प्यारासिंग ठेवले. त्याला भरवणे, धुणे-पुसणे, मळलेले कपडे धुणे सारे त्यांनीच केले. ठेवायला जागा नाही म्हणून पाठीवर घेतले, ते चौदा वर्षे. त्यांनी लग्न केले नाही. संस्था काढावी, तिला इमारत असावी, मग सेवा सुरू करावी असा त्यांचा क्रम नव्हता. पाठीवरचे मूल आधी, बाकी सारे नंतर.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये लाहोर सुटले. खिशात काही आणे आणि पाठीवर प्यारासिंग, असे ते अमृतसरला आले. खालसा कॉलेजातील निर्वासितांच्या छावणीत धडधाकट माणसांनाच आपले जीव जड झाले होते. पांगळ्यांकडे आणि वृद्धांकडे कोण पाहणार? पूरणसिंग त्यांचे कपडे धूत, दारोदार फिरून अन्न आणीत. छावणी उठल्यावरही ही माणसे त्यांच्याजवळच राहिली, आणि त्यांतून पिंगलवाडा उभा राहिला. १९५७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. पंजाबीत पिंगला म्हणजे पांगळा. आपल्याकडे पिंगळा म्हटले की पहाटे दान मागत येणारा आठवतो. गंमत अशी, की हा मनुष्य दोन्ही अर्थांनी त्या शब्दाला शोभला: सुवर्णमंदिराच्या वाटेवर बसून तो या पांगळ्यांसाठी आयुष्यभर मागत राहिला.

तेथे बसून ते आपली पत्रकेही वाटत. त्यांत झाडांविषयी, मातीच्या धुपीविषयी लिहिलेले असे. वाया गेलेल्या कागदाची कोरी बाजूही त्यांना छपाईला चाले. त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ मध्ये सुवर्णमंदिरावरील लष्करी कारवाईनंतर त्यांनी ती परत केली. ५ ऑगस्ट १९९२ रोजी ते वारले. पिंगलवाड्यात आज दीड हजारांहून अधिक निराधार राहतात.

हे सारे मी एका संध्याकाळी आजोबांना वाचून दाखवले. नाक्यावरच्या माझ्या त्या शब्दाबद्दल मात्र मला काही बोलता आले नाही. बराच वेळ ते भिंतीकडेच पाहत होते. मग त्यांनी एवढेच विचारले, की अठराव्या वर्षी त्या मुलाचे वजन किती झाले असेल. मला ते सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायच्या वेळी त्यांनी आपला त्यातल्या त्यात बरा असलेला हात माझ्या खांद्यावर टाकला.