बिनतारी जगाचा कानसेन : एडविन आर्मस्ट्राँग

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मी व कन्नड विभागातील माझा एक मित्र, आम्ही दोघांनी मिळून एक यंत्र केले. वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकीत पाणी किती आहे, हे बिनतारी लहरींनी खाली कळवावे, अशी त्याची योजना होती. टेबलावर ते चोख चाले; तीन मजले खाली नेले की मुके होई. आवर्धन वाढवले, तर संदेशाबरोबर खरखरही तितकीच वाढली. त्यातच फलकावर कोणाचे नाव आधी लिहायचे, यावरून आमच्यात अबोला झाला. भौतिकशास्त्राच्या सरांनी दोन्ही दुखण्यांवर एकच औषध सुचवले : आर्मस्ट्राँगचे चरित्र वाचा.

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क येथे झाला. १९१२ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, त्यांनी निर्वात नळीतून बाहेर पडणारा संदेश पुन्हा तिच्याच प्रवेशाशी आणून सोडला. क्षीण संदेश कित्येक पटींनी बळकट झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना, १९१८ साली, त्यांनी सुपरहेटरोडाइन ग्राहक शोधला. येणारी कोणतीही लहर एका ठराविक, कमी वारंवारतेवर आणायची आणि तेथे ती गाळून वाढवायची, हे त्याचे तत्त्व. १९२२ साली त्यांनी मोजक्या भागांत प्रचंड आवर्धन देणारी सुपररिजनरेटिव्ह रचना मांडली. आमच्या यंत्रातला स्वस्त ग्राहक याच रचनेचा होता, हे वाचून मी थक्क झालो!

ग्राहकाची संवेदनक्षमता केवळ आवर्धनाने वाढत नाही. उष्णतेमुळे प्रत्येक वाहकात इलेक्ट्रॉनांची चुळबूळ चालू असते, तीच खरखर. ऐकण्याचा पट्टा दसपट रुंद केला की खरखरीची शक्तीही दसपट होते. म्हणून पट्टा अरुंद ठेवावा, असे सारे म्हणत. आर्मस्ट्राँग यांनी उलट वाट धरली. लहरीची उंची न बदलता तिची वारंवारता रुंद पट्ट्यात बदलली, तर पुरेशा बळाच्या संदेशात खरखर दबते, हे त्यांनी दाखवले. या एफ.एम. पद्धतीची पेटंटे त्यांना १९३३ साली मिळाली.

परंतु कीर्तीबरोबर कज्जेही आले. पहिल्या शोधाचे श्रेय १९३४ साली सर्वोच्च न्यायालयाने ली डी फॉरेस्ट यांना दिले. आर्मस्ट्राँग आपले पदक परत करू लागले, तेव्हा अभियंत्यांच्या संस्थेने ते घेण्यास नकार दिला. १९४५ साली एफ.एम.चा पट्टाच बदलल्याने जुने ग्राहक निकामी झाले. पेटंटांच्या खटल्यांत पैसा गेला, संसार विसकटला. ३१ जानेवारी १९५४ रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. पत्नी मॅरियन यांनी लढा सोडला नाही. १९६७ पर्यंत उरलेले खटलेही त्यांच्या बाजूने निकालात निघाले.

पुस्तक मिटून मी मित्राच्या खोलीवर गेलो. ग्राहकाला खेटून ठेवलेला मोबाइलचा चार्जर आम्ही दूर केला, एरियलची तार लहरीच्या चतुर्थांशाइतकी, १७ सेंटिमीटर कापली. टाकीचा आकडा खाली उमटला.

फलकावर मी त्याचे नाव आधी लिहिले. त्याने ते पुसून माझे लिहिले. शेवटी सरांनी दोन्ही नावे एका ओळीत, एक मराठीत व एक कन्नडमध्ये लिहिली.