नाव काढून घेतलेला लेखक

गेल्या वर्षी एकांकिकेच्या तालमीत आमच्या दिग्दर्शकाने माझे एक लांबलचक स्वगत कापले. पत्रिकेवर माझे नाव छापू नका, असे सांगून मी तरातरा निघून आलो. ही हकिकत मराठीच्या सरांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत. त्यांनी मला पॅडी चायेफ्स्कीची गोष्ट सांगितली आणि ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ हा चित्रपट पाहायला लावला.

चायेफ्स्कीचा जन्म १९२३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका ज्यू कुटुंबात झाला. पाळण्यातले नाव सिडनी ॲरन. सैन्यात असताना एका रविवारी भटारखान्यातले काम चुकविण्यासाठी त्याने चर्चच्या प्रार्थनेला जाण्याची सवलत मागितली. ज्यू मुलगा आणि चर्च! अधिकाऱ्याने थट्टेने त्याला पॅडी हे आयरिश नाव दिले आणि ते जन्मभर चिकटले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत आखेनजवळ भूसुरुंगाने तो जखमी झाला. इंग्लंडमधील इस्पितळात पडल्यापडल्या त्याने एक संगीत नाटक लिहिले.

१९५३ साली त्याने दूरचित्रवाणीसाठी ‘मार्टी’ लिहिले. नायक कोण, तर लग्न न जमलेला एक साधा खाटीक. १९५५ साली त्यावरच चित्रपट निघाला आणि चायेफ्स्कीला ऑस्कर मिळाले. पुढे ‘द हॉस्पिटल’ (१९७१) आणि ‘नेटवर्क’ (१९७६) यांनाही. तिन्ही पटकथा त्याच्या एकट्याच्या. त्याची पात्रे भरभरून बोलतात. शब्द हीच त्याची खरी मिळकत.

जॉन लिली या शास्त्रज्ञाने १९५४ साली अंधाऱ्या, नि:शब्द पाण्याच्या टाकीत राहून मनाचे काय होते, याचे प्रयोग सुरू केले होते. तो धागा चायेफ्स्कीने कादंबरीसाठी उचलला. त्याचा नायक एडी जेसप टाकीत उतरतो, मेक्सिकोतील आदिवासींचे गुंगीचे औषध घेतो आणि माणसाचे मूळ शोधताशोधता स्वत:च आदिमानव बनतो. लेखन चालू असतानाच, १९७७ साली, चायेफ्स्कीला हृदयविकाराचा झटका आला. कादंबरी १९७८ साली निघाली. ती त्याची एकुलती एक.

पटकथाही त्यानेच लिहिली. आधीचा दिग्दर्शक आर्थर पेन बाहेर पडला आणि केन रसेल आला. रसेलचा जीव चित्रांत. त्याने संवाद जवळजवळ तसेच ठेवले, पण नटांकडून ते भराभर, कधी तोंडात घास असताना म्हणवून घेतले. चायेफ्स्कीला ते सोसवेना. भांडणे झाली, तो निघून गेला आणि त्याने आपले नाव काढून घेतले. १९८० साली पडद्यावर पटकथाकार म्हणून झळकले ते सिडनी ॲरन! १ ऑगस्ट १९८१ रोजी, ५८व्या वर्षी, कर्करोगाने त्याचे निधन झाले. ही त्याची शेवटची पटकथा ठरली.

चित्रपट पाहताना मी थक्क झालो. टाकीतल्या माणसाला दिसणारी ती भयानक, वेडीवाकडी दृश्ये कुठल्याही संवादात मावली नसती. पण शेवटी जेसपला त्या गर्तेतून ओढून काढते ते त्याच्या बायकोचे प्रेम, आणि ते चायेफ्स्कीने लिहिले होते. दोघांपैकी एकही वजा केला तर हा चित्रपट उरत नाही. चायेफ्स्की मात्र तालमीला परत गेला नाही.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. स्वगत कापलेलेच राहिले. पत्रिकेवर माझे नाव छापले गेले.